प्रिगोझिनचं विमान पडलं की पाडलं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात भाडोत्री सैन्यांवरचा लेख छापला, त्यात येवगेनी प्रिगोझिनबद्दल जेमतेम दोन परिच्छेद होते, पण पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज आले ते जवळपास सगळे त्याच दोन परिच्छेदांवर. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रिगोझिन म्हणजे रशियातल्या वॅग्नर नावाच्या खासगी सैन्याचा मालक. हे सैन्य युक्रेनमध्ये रशियाच्या बाजूनं लढलं, मग २३ जून २०२३ ला यानं रशियाच्याच संरक्षण मंत्रालयाविरुद्ध बंड केलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मागं घेतलं आणि बंडाला बरोबर दोन महिने झाले त्या दिवशी, २३ ऑगस्टला, मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला जाताना त्याचं विमान कोसळलं. दहाच्या दहा माणसं गेली. तेव्हापासून जे तर्क चालू झाले ते अजून थांबले नाहीत आणि आपल्याकडं तर ते चहाच्या हॉटेलापर्यंत पोचलेत. निवडक प्रश्न घेतलेत, भाषा ज्याची त्याची ठेवलीय.

सर, आमच्या होस्टेलवर यावरून रोज भांडण व्हायलंय. एक म्हणतो मिसाईल मारलं, एक म्हणतो आत बॉम्ब होता, एक म्हणतो विमानच खराब असंल. एकदाचं सांगून टाका ना नेमकं काय झालं.
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, उदगीर

एकदाचं सांगून टाकता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते कुणालाच येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतोय त्याला आधी विचार की बाबा तुला कुठून कळलं. पण याचा अर्थ सगळं अंधारात आहे असंही नाही. बरंच काही पक्कं माहीत आहे, ते आधी एका जागी मांडू आणि मग तुम्ही पोरांनी भांडा.

विमान होतं ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीचं लेगसी ६००, छोटं बिझनेस जेट. आत सात प्रवासी आणि तीन जणांचा क्रू. प्रवाशांत प्रिगोझिन, वॅग्नरचा लष्करी कमांडर दिमित्री उत्किन (ज्याच्या टोपणनावावरून या सैन्याचं नाव पडलं तोच) आणि पैशाचा-सामानाचा कारभार बघणारा व्हालेरी चेकालोव. म्हणजे वॅग्नरचा सगळा वरचा मजला एकाच विमानात बसलेला, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. विमान २८ हजार फुटांच्या आसपास उडत होतं, सगळं नॉर्मल होतं, संकटाचा कुठला संदेश बाहेर आल्याची नोंद जाहीर झालेली नाही, आणि मग विमानांचा माग ठेवणाऱ्या फ्लाइटरडार२४ च्या नोंदीत दिसतं की ते अर्ध्या मिनिटात जवळपास ८ हजार फूट खाली आलं. त्वेर प्रांतात कुझेन्किनो नावाच्या गावाजवळ पडलं. गावातल्या लोकांनी मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओत ते गरगरत पडताना दिसतं आणि एक पंख जागेवर नाही असं वाटतं. काही तुकडे मुख्य सांगाड्यापासून बरेच लांब सापडले, म्हणजे मोडतोड हवेतच सुरू झाली होती.

आता तुझ्या मित्रांचे तीन तर्क. विमान खराब असंल, हा सगळ्यात कमजोर. लेगसी ६०० वीस वर्षांच्या वर वापरात होतं आणि त्याचा मोठा अपघात म्हणून एकच सांगतात, २००६ चा, ब्राझीलमध्ये. तिथं हे विमान एका बोईंगला हवेत धडकलं होतं, बोईंगमधले १५४ जण गेले पण हे छोटं जेट तुटक्या पंखानं उतरलं आणि त्यातले सगळे वाचले. असं विमान साफ हवामानात आपोआप तुटून पडावं हे मनाला पटत नाही, अशक्य म्हणत नाही मी पण पटत नाही. मिसाईलचं म्हणशील तर पहिल्या तासात टेलिग्रामवर तेच चाललं होतं, पण दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या पेंटॅगॉननं सांगितलं की जमिनीवरून मिसाईल सुटल्याची आमच्याकडं कसलीही माहिती नाही, आणि अमेरिकेला रशियाची बदनामी टाळायची काही गरज नव्हती, म्हणून त्यांच्या या बोलण्याला मी वजन देतो. राहिला आतला स्फोट. अमेरिकी गुप्तचरांचा सुरुवातीचा अंदाज मुद्दाम घडवलेल्या स्फोटाचाच होता, आणि पुतिननं ऑक्टोबरमध्ये जे सांगितलं त्यातही स्फोट आतच झाला असंच येतं. म्हणजे एकमेकांचे कट्टर वैरी आतल्या स्फोटावर एकमत आहेत, फरक एवढाच की तो केला कुणी.

म्हणून माझं उत्तर असं की स्फोट आत झाला हे मानायला भरपूर आधार आहे, आणि तो कुणाच्या हुकमावरून झाला याचा उघड्यावर ठेवलेला पुरावा नाही. या दोन वाक्यांत अंतर आहे, ते होस्टेलवर भांडताना पुसू नका.

पुतिन स्वतः म्हणले ना की विमानात हातबॉम्ब फुटला. एवढ्या मोठ्या देशाचा अध्यक्ष सांगतोय तर विश्वास का ठेवू नये?
— दुकानदार, जालना

दादा, ते काय म्हणले ते नीट बघू. ५ ऑक्टोबर २०२३ ला सोचीत वाल्दाय क्लबच्या कार्यक्रमात ते म्हणले की तपास समितीच्या प्रमुखांनी मला सांगितलंय, मृतांच्या शरीरात हातबॉम्बचे तुकडे सापडलेत, बाहेरून काही आघात झालेला नाही. आणि पुढं म्हणले की दारू किंवा ड्रग्जची तपासणी झाली नाही, ती व्हायला पाहिजे होती, आणि वॅग्नरच्या ऑफिसात ५ किलो कोकेन सापडलं होतं याची आठवण करून दिली. झालं, सुचवायचं ते सुचवून झालं, की नशेत कुणीतरी पिन ओढली असंल.

मला यात राग कशाचा येतो सांगू का, की त्या विमानात तीन क्रूची माणसं पण होती, नोकरी करणारी, त्यांच्या घरी आईबाप आहेत. त्यांना देशाच्या अध्यक्षाकडून काय मिळालं तर एक ऐकीव वाक्य आणि मेलेल्यांवर नशेचा संशय. दारूची तपासणी झाली नाही म्हणता, तर का झाली नाही, करायची कुणी होती? तपास समिती तर त्यांचीच. तो रिपोर्ट छापा, तुकड्यांचे फोटो दाखवा, ब्लॅक बॉक्समध्ये काय निघालं ते सांगा. यातलं काही लोकांसमोर आलेलं नाही. ब्राझीलची अपघात तपासणारी संस्था आहे, सेनिपा, विमान त्यांच्या देशात बनलं म्हणून त्यांनी मदतीची तयारी दाखवली होती, तर रशियाकडून उत्तर गेलं की सध्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसारचा तपास आम्ही उघडणार नाही. कायद्यानं तसं करता येतं, कारण उड्डाण देशातल्या देशात होतं. पण ज्याला लपवायचं काही नाही त्यानं फुकटची मदत का नाकारावी? आणि ऑगस्टच्या शेवटी त्यांचेच प्रवक्ते पेस्कोव पत्रकारांना म्हणत होते की मुद्दाम केलेल्या दुष्कृत्याची शक्यता पण तपासली जायलीय.

विश्वास ठेवायचा का नाही हे माणसाच्या खुर्चीवरून ठरवू नका, कागद दाखवला का नाही यावरून ठरवा.

दादा, माझ्या दिराच्या मोबाईलवर व्हिडिओ आलाय, त्यात तो माणूस गाडीत बसून सांगतो की मी जिवंत आहे, आफ्रिकेत आहे. घरात सगळे म्हणायलेत मेलाच नाही तो, दुसऱ्यालाच बसवलं होतं. खरं आहे का?
— एक ताई, परभणी

ताई, व्हिडिओ खरा आहे, पण त्याचा अर्थ चुकीचा लावलाय लोकांनी. ३१ ऑगस्ट २०२३ च्या सुमारास वॅग्नरच्या जवळच्या एका टेलिग्राम चॅनेलवर तो आला. त्यात प्रिगोझिन म्हणतो की मी जिवंत आहे का, कसा आहे यावर चर्चा करणाऱ्यांसाठी सांगतो, आज शनिवार-रविवार आहे, २०२३ च्या ऑगस्टचा दुसरा पंधरवडा आहे, मी आफ्रिकेत आहे. आता तारखा बघा. २३ ऑगस्ट हा बुधवार. त्याच्या आधीचा शनिवार-रविवार म्हणजे १९ आणि २० ऑगस्ट, आणि २१ ला त्याचा आफ्रिकेतला म्हणून अजून एक व्हिडिओ आलेला होता, तसेच कपडे, तशीच टोपी. म्हणजे हे शूटिंग मरायच्या तीन-चार दिवस आधीचं असावं, बाहेर मात्र नंतर आलं, आणि म्हणून भुतासारखं वाटतं.

आता तुमच्या घरचे असं का म्हणायलेत याला पण कारण आहे, उगीच नाही. हा माणूस वेषांतर करायचा. बंडानंतर त्याच्या सेंट पीटर्सबर्गच्या घरावर छापा पडला तेव्हा रशियाच्याच मीडियानं विगांनी भरलेल्या कपाटाचे आणि वेगवेगळ्या नावांच्या पासपोर्टचे फोटो दाखवले होते. २०१९ मध्ये काँगोत एक विमान पडलं तेव्हाही हा गेला अशी बातमी उठली आणि नंतर हा आरामात समोर आला. त्यात ज्या दिवशी विमान पडलं त्या दिवशी त्याच्याशी संबंधित दुसरं एक विमान पण हवेत होतं आणि ते मॉस्कोला परत फिरलं. एवढा मसाला असल्यावर लोक बोलणारच.

पण २७ ऑगस्टला रशियाच्या तपास समितीनं डीएनए चाचणीवरून दहाही जणांची ओळख पटली असं जाहीर केलं, २९ ला त्याला सेंट पीटर्सबर्गच्या पोरोखोव्स्कोए स्मशानभूमीत पुरलं, तेही गुपचूप. तुम्ही म्हणाल की रशियाचा कागद नाही म्हणून वर तुम्हीच रडलात आणि आता त्यांच्याच डीएनएवर विश्वास ठेवता. बरोबर आहे, पण इथं नुसता डीएनए नाही. त्याच्या माणसांनी शोक केला, त्याच्या घरच्यांनी कबर मान्य केली, वॅग्नरचा कारभार दुसऱ्यांच्या हातात गेला, आणि रोज दोन-दोन ऑडिओ मेसेज टाकल्याशिवाय ज्याला चैन पडत नव्हतं तो माणूस तेव्हापासून एक शब्द बोललेला नाही. तो मेलाय, ताई.

आपल्याला हे नवीन पण नाही. १८ ऑगस्ट १९४५ ला तैहोकूला (म्हणजे आजच्या तैवानमधलं तैपेई) नेताजींचं विमान पडलं, त्यावर शाहनवाज समिती झाली, खोसला आयोग झाला, दोघांनी सांगितलं नेताजी त्यात गेले, मग २००५ मध्ये मुखर्जी आयोगानं सांगितलं की नाही गेले आणि सरकारनं ते फेटाळलं, आणि अजून गावोगाव लोक मानतात की ते साधू होऊन राहिले. नेताजींवर लोकांचं प्रेम होतं म्हणून मन मानत नव्हतं, हे समजू शकतो. प्रिगोझिनसारख्या माणसासाठी आपण एवढी आशा का धरावी हे मात्र मला समजत नाही.

संपादक साहेब, पुतिननं तर त्याला माफ केलं होतं. केस मागं घेतली, क्रेमलिनमध्ये बोलावून चहा पाजला. मग मारायचं होतं तर तेव्हाच का नाही मारलं? माझ्या मते हा अपघातच.
— निवृत्त गुरुजी, लातूर

गुरुजी, तुमचा मुद्दा साधा वाटतो पण सगळ्यात अवघड तोच आहे. २४ जूनला सकाळी पुतिन टीव्हीवर या बंडाला देशद्रोह म्हणतात, पाठीत खुपसलेला सुरा म्हणतात. तोवर वॅग्नरनं रोस्तोवमधलं लष्कराचं दक्षिण मुख्यालय ताब्यात घेतलेलं, रशियाची हेलिकॉप्टरं आणि एक विमान पाडलेलं, त्यात वैमानिक गेलेले आणि ताफा मॉस्कोपासून दोनेकशे किलोमीटरवर. संध्याकाळी बेलारूसचे लुकाशेंको मध्ये पडतात आणि तडजोड होते. २७ जूनला केस बंद. २९ जूनला क्रेमलिनमध्ये ३५ जणांची बैठक, तीन तास, त्यात प्रिगोझिन पण हजर. जुलैअखेर सेंट पीटर्सबर्गला आफ्रिकी देशांची परिषद भरली तेव्हा तिथल्या पाहुण्यांसोबत त्याचा फोटो. माफीच म्हणावी अशी सगळी लक्षणं.

पण तेव्हाच हात लावला असता तर काय झालं असतं याचा विचार करा. हजारो हत्यारबंद माणसं त्याच्या शब्दावर होती, रोस्तोवला लोक रस्त्यावर येऊन त्यांच्याशी हात मिळवत होते, सेल्फी काढत होते. आफ्रिकेतला सगळा धंदा, सोन्याच्या खाणी, तिथल्या राज्यकर्त्यांशी संबंध, हे त्याच्या आणि उत्किनच्या डोक्यात. त्या दोन महिन्यांत हत्यारं जमा करून घेतली, माणसं बेलारूसला हलवली, आफ्रिकेत संरक्षण मंत्रालयाची माणसं फिरायला लागली. आणि ज्या सुरोविकिन नावाच्या जनरलचं वॅग्नरशी जमत होतं त्याला हवाई दलाच्या प्रमुखपदावरून काढल्याची बातमी आली ती कधी, तर २३ ऑगस्टलाच. हे सगळं परिस्थितीजन्य आहे, कोर्टात एवढ्यावर शिक्षा होणार नाही, पण माफी मिळाली म्हणून अपघातच हा तर्क यापुढं टिकत नाही.

तुम्ही लातूरचे, म्हणून एक आठवण करून देतो, तुम्ही लहानपणी घरात ऐकलेली असणार. कासीम रझवी तुमच्याच गावचा वकील. त्यानं रझाकार वाढवले, निझामाला ते सोयीचे होते, आणि मग एक वेळ अशी आली की निझामालाच त्यांना आवरता येईना. गावंच्या गावं त्यांनी जाळली, मराठवाड्यातल्या कित्येक घरांत अजून त्याच्या जखमा आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस ॲक्शन झाली, रझवी सापडला. एवढा द्वेष होता त्याच्याबद्दल, पण त्याच्यावर खटला चालला, साक्षी झाल्या, शिक्षा झाली, तुरुंगात राहिला आणि १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेला. त्यानं काय केलं ते कोर्टाच्या कागदावर आहे, म्हणून त्याच्या शेवटाबद्दल आज कुणी तर्क लढवत बसत नाही.

प्रिगोझिनवरचा खटला चालला असता तर किती गोष्टी बाहेर आल्या असत्या बघा. हाच माणूस कित्येक वर्षं वॅग्नरशी माझा संबंध नाही म्हणून पत्रकारांवर केस करत होता. पुतिननंच बंडानंतर सांगितलं की मे २०२२ ते मे २०२३ या वर्षात सरकारनं वॅग्नरला ८६ अब्ज रुबल दिले. म्हणजे कायद्यात बसत नसलेल्या खासगी सैन्याचा पगार सरकारी तिजोरीतून. कोर्टात त्याला विचारलं असतं की हुकूम कोण देत होतं, तर त्यानं काय काय सांगितलं असतं. बंडाच्या दिवशी तर तो उघड बोलून गेला होता की युक्रेनवर हल्ला करायला दिलेली कारणं खोटी होती. केस बंद झाली तेव्हा त्याला माफी मिळाली असं आपण म्हणतो, पण त्यासोबत हे सगळे प्रश्न पण बंद झाले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आमच्या मुंडे साहेबांच्या वेळेस पण लोक असंच बोलायचे, अजून बोलतात. मग आम्ही बोललो की अफवा आणि रशियाबद्दल बोललं की विश्लेषण, असं कसं?
— एक वाचक, परळी

भाऊ, तुमचं दुखणं कळतं. ३ जून २०१४ ला दिल्लीत साहेबांच्या गाडीला अपघात झाला तेव्हा मंत्री होऊन आठवडा-सव्वा आठवडाच झाला होता. परळीला अंत्यसंस्काराच्या वेळी लोकांचा जो आक्रोश होता तो सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलाय, आणि सीबीआय चौकशीची मागणी त्याच गर्दीतून आली. ती मागणी चुकीची नव्हती. आपला माणूस असा अचानक गेल्यावर विचारायचा हक्क आहे.

पण पुढं काय झालं ते पण बघा. एम्समध्ये शवविच्छेदन झालं, डॉक्टरांनी कारण जाहीर केलं, सीबीआयनं चौकशी केली, कट नाही असं सांगितलं आणि धडकलेल्या गाडीच्या ड्रायव्हरवर निष्काळजीपणाचं आरोपपत्र ठेवलं. तुम्हाला तो निष्कर्ष पटत नसंल तर नेमकं काय पटत नाही हे बोट ठेवून सांगता येतं, वरच्या कोर्टात जाता येतं, पेपरात लिहिता येतं. रशियातल्या माणसाला यातलं काय करता येतं? म्हणून मी फरक करतो. माणूस आपला का परका यावरून नाही, विचारल्यावर उत्तर मिळायची सोय आहे का नाही यावरून. आणि जिथं चौकशी होऊनही लोक नवीन पुरावा नसताना रोज नवीन खुनी शोधतात तिथं गेलेल्या माणसाच्या घरच्यांना पुन्हा पुन्हा तेच भोगावं लागतं, हे पण मनात धरा.

सर, इन्स्टावर प्रिगोझिनचे रील्स लई चालतात, बॅकग्राउंडला भारी म्युझिक, आमच्या वर्गातली पोरं त्याला लायन म्हणतात. एकट्यानं पुतिनला हलवलं म्हणे. मला पण थोडं भारी वाटतं, तुम्हाला काय वाटतं?
— अकरावीतली विद्यार्थिनी, अंबाजोगाई

बेटा, तू खरं बोललीस याचा आनंद झाला, म्हणून मी पण खरं बोलतो. त्या रील्स बघून माझं डोकं फिरतं.

या माणसाची सुरुवात दरोड्यातून. ऐंशीचं जवळपास सगळं दशक तुरुंगात. सुटल्यावर हॉट डॉग विकले, मग रेस्टॉरंट काढली, त्यातल्या एका तरंगत्या रेस्टॉरंटमध्ये पुतिननं फ्रान्सच्या आणि अमेरिकेच्या अध्यक्षांना जेवायला नेलं आणि तिथून शाळा-सैन्याच्या जेवणाची सरकारी कंत्राटं. इथपर्यंत गरिबातून वर आलेल्या माणसाची कहाणी वाटेल. पुढचं रील्समध्ये नसतं. २०२२ मध्ये हा रशियाच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांना सांगत फिरला की सहा महिने लढा, जिवंत राहिलात तर माफी, आणि पळालात तर जागेवर गोळी. युक्रेनमधलं बाखमुत नावाचं एक शहर घ्यायला त्याला कित्येक महिने लागले आणि तिथं माझी २० हजारांच्या आसपास माणसं मेली असं त्यानं स्वतः मे २०२३ मध्ये सांगितलं, त्यातली निम्मी तुरुंगातून आणलेली. तुझ्या अंबाजोगाईतले किती मोहल्ले रिकामे होतील २० हजारांत, कल्पना कर. एक कैदी युक्रेनच्या ताब्यात गेला, अदलाबदलीत परत आला, तर त्याचं डोकं मोठ्या हातोड्यानं फोडतानाचा व्हिडिओ नोव्हेंबर २०२२ मध्ये वॅग्नरच्या लोकांनीच फिरवला आणि प्रिगोझिननं त्या मेलेल्याला कुत्रा म्हणून हिणवलं. पुढं तोच हातोडा वॅग्नरवाले चिन्ह म्हणून मिरवायला लागले. जुलै २०१८ मध्ये तीन रशियन पत्रकार वॅग्नरचा शोध घ्यायला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात गेले होते, तिघांना रस्त्यात गोळ्या घातल्या, त्याचाही नीट तपास झाला नाही. मालीत मौरा गावात मार्च २०२२ मध्ये तिथलं सैन्य आणि सोबतचे परदेशी सैनिक यांनी किमान ५०० लोक मारले असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा रिपोर्ट सांगतो, आणि तेव्हा मालीच्या सैन्यासोबत कोण होतं हे जगाला माहीत आहे.

त्यानं पुतिनला हलवलं हे खरं. पण कशासाठी? १ जुलैच्या आत वॅग्नरच्या लोकांनी संरक्षण मंत्रालयाशी करार करावा असा आदेश निघाला होता आणि त्याचं सैन्य त्याच्या हातातून जाणार होतं. तो सैनिकांच्या मृतदेहांमध्ये उभा राहून शोइगू, गेरासिमोव (तेव्हाचे संरक्षणमंत्री आणि सैन्यप्रमुख), दारूगोळा कुठंय म्हणून ओरडला ते भारी वाटतं ऐकायला, पण त्या मृतदेहांना तिथवर आणलं कुणी हे पण विचार.

तो वाईट होता म्हणून त्याला तसं मारलं ते चांगलं झालं, असं मी म्हणत नाही हां. अशा माणसाला कोर्टात उभं करायचं असतं. त्या हातोडीवाल्या कैद्याच्या आईला, त्या तीन पत्रकारांच्या घरच्यांना त्याच्या तोंडून उत्तर ऐकायचा हक्क होता, तो आता कायमचा गेला.

ओडिशात हॉटेलमधून पडून मेला तो रशियन पण याच प्रकरणातला का?
— नांदेड

नाही, ते वेगळं. पावेल आंतोव, व्लादिमीर प्रांतातला आमदार आणि मांसाच्या धंद्यातला श्रीमंत माणूस, डिसेंबर २०२२ मध्ये रायगडा इथल्या हॉटेलात वरून पडून गेला, आणि दोनच दिवस आधी त्याच्यासोबतचा मित्र त्याच हॉटेलात गेला होता. त्याच्या व्हॉट्सॲपवर युद्धाच्या विरोधातला मेसेज आला होता आणि त्यानं लगेच माघार घेतली होती, म्हणून संशय वाढला. ओडिशा सीआयडीनं तपास केला, घातपाताचा पुरावा मिळाला नाही. वॅग्नरशी याला जोडणारं काही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लुकऑइल कंपनीचे अध्यक्ष मॉस्कोच्या हॉस्पिटलच्या खिडकीतून पडले, तेव्हापासून प्रत्येक रशियन श्रीमंताचा मृत्यू लोक एकाच माळेत ओवतात. लिटविनेन्को या रशियाच्या माजी गुप्तहेराला २००६ मध्ये लंडनमध्ये पोलोनियम हे किरणोत्सारी विष दिलं हे ब्रिटनच्या सार्वजनिक चौकशीत पुराव्यासकट आलंय, ते आणि हे एका तराजूत तोलू नये.

साहेब, वॅग्नर आता संपली का? आमच्या भाच्याला पुण्याचा एजंट म्हणतो रशियात सिक्युरिटीची नोकरी आहे, महिना लाख-दोन लाख. पोरगं जायचं म्हणून हटून बसलंय, शेतात काही राहिलं नाही म्हणतो. काय करावं?
— मामा, हिंगोली जिल्हा

मामा, या अंकात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हाच आहे. वॅग्नरचं जुनं रूप मोडलं. आफ्रिकेत तिची जागा संरक्षण मंत्रालयाच्या आफ्रिका कोरनं घेतलीय, मालीतून तर वॅग्नरनं जून २०२५ मध्ये आम्ही निघालो असं जाहीर केलं. पण माणसं भरती करणं थांबलेलं नाही, आता सरळ रशियन सैन्याच्या नावानं करार होतात.

आणि त्यात आपली पोरं फसलीत. हेल्पर, सिक्युरिटी, किचन असं सांगून नेलं, तिथं रशियन भाषेतल्या कागदावर सही घेतली आणि थोडंसं ट्रेनिंग देऊन पुढच्या फळीवर. मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं अशा एजंटांवर गुन्हा नोंदवून छापे घातले, जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलेला आकडा असा, रशियन सैन्यात गेलेले १२६ भारतीय, त्यातले ९६ परत आले, १२ मेले, १६ जणांचा पत्ता नाही. एकदा सही झाली की परत आणायला सरकारलाही महिनोन् महिने लागतात.

सोयाबीनला भाव नाही, पोराच्या हाताला काम नाही, हे मला माहीत आहे, म्हणून त्याला नुसतं जाऊ नको म्हणून भागणार नाही, बसवून सगळं दाखवा. एजंटकडं परदेशात माणसं पाठवायचं परराष्ट्र मंत्रालयाचं रजिस्ट्रेशन आहे का ते ई-मायग्रेट वेबसाइटवर तपासा, तालुक्याच्या सेतू केंद्रावरचं पोरगं पण बघून देईल. रजिस्ट्रेशन नसंल तर तिथंच विषय संपला. कराराचा कागद आधी हातात मागा, मराठीत नाहीतर निदान इंग्रजीत, आणि त्यात कंपनीचं नाव, शहर, काम लिहिलेलं पाहिजे. टुरिस्ट किंवा विद्यार्थी व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बदलून देतो म्हणला तर समजा की फसवणूक आहे. मूळ पासपोर्ट एजंटकडं ठेवायला देऊ नका. पैसे आधीच भरले असतील तर पावत्या, फोनपेचे स्क्रीनशॉट, एजंटचे मेसेज काही डिलीट न करता उद्याच पोलिस स्टेशनला तक्रार द्या, आणि तिकडं टाळाटाळ झाली तर आमच्या पत्त्यावर कळवा, आम्ही सोबत येऊ.